दोन कुलपांचा गाडा

इंदापूर तालुक्यात फौजेतून माघारी आलेला प्रत्येक माणूस मेजर असतो. तो शिपाई म्हणून गेलेला असो नाहीतर लंगरखान्यात पोळ्या लाटून आलेला असो, एस.टी.च्या टपावरून त्याची काळी ट्रंक उतरली की गाव त्याला मेजर करून मोकळं होतं. आमच्या बँकेचे गार्ड सोपानराव कोकरे हवालदार म्हणून निवृत्त झाले होते. सुरुवातीला ते बिचारे सांगायचेही, "मेजर न्हाय वो, हवालदार." पुढे त्यांनी नाद सोडला. बँकेत मेजर, चहाच्या टपरीवर मेजर, निरवांगीत स्वतःच्या घरीही मेजरच. "मेजर जेवाय बसल्यात, थांबा वाईच," असं त्यांच्या पत्नी फोनवर सांगायच्या, आणि त्यात चेष्टेचा लवलेश नसायचा.

मी त्याच शाखेत कॅशियर. कॅशियरच्या जाळी लावलेल्या केबिनला बँकेत पिंजरा म्हणतात, आणि तो शब्द कुणी गमतीने वापरत नाही. माझा पिंजरा बरोबर दारासमोर होता. त्यामुळे नोटा मोजताना मान वर केली की मला मेजरांची पाठ दिसायची. ताठ, खाकी, मानेवर घामाचा एक ओला त्रिकोण. इतकी वर्षं एखाद्या माणसाची पाठ बघितली की ती चेहऱ्यासारखी वाचता येते. पोराचं लग्न ठरलं तेव्हाची पाठ वेगळी आणि गोठ्यातली गाय आजारी असतानाची वेगळी.

आमच्या दाराला सरकती लोखंडी जाळी होती. ती अर्धीच उघडी ठेवायची आणि उरलेल्या फटीत कमरेच्या उंचीवर एक साखळी आडवी लावायची, म्हणजे कुणाला एकदम आत घुसता येऊ नये आणि पळताही येऊ नये. येणारा प्रत्येक जण वाकून आत यायचा. शंभर एकरांचा बागायतदार असला तरी फेटा सांभाळत वाकायचा. मेजर गंभीरपणे म्हणायचे, "वाका आबा, बँकंपुढं समद्यास्नी वाकावं लागतं." म्हाताऱ्या बाया आल्या की मात्र ते साखळी उचलून धरत. मॅनेजर बघतोय का, एवढं फक्त एकदा वळून पाहत.

दुसरी साखळी त्यांच्या अंगावर होती. दुनळी बंदूक कुणी हिसकावू नये म्हणून ती पट्ट्याला साखळीने बांधलेली असायची. साखळी आखूड. बंदूक भिंतीला टेकवून डबा खायचा म्हटलं तरी त्यांना खिडकीच्या कट्ट्यापलीकडे जाता येत नसे. मग डबा कट्ट्यावर, मेजर उभे, डावा हात नळीवर आणि उजव्या हाताने भाकरी. मॅनेजर म्हणायचे, "मेजर, बसून जेवा की." त्यावर उत्तर ठरलेलं, "बसलं की झोप येती साहेब."

रजेचा तर विषयच काढायचा नाही. रोकड उघडी असताना दारात बंदूकधारी माणूस पाहिजे, हा नियम. आणि बंदुकीचा परवाना असलेला बदली माणूस बँकेला कधीच मिळाला नाही. त्यामुळे मेजरांच्या घरची सुपारी, लग्न, बारसं, जागरण-गोंधळ, सगळं रविवारी. भटजींनी काढलेला मुहूर्त त्यांच्याकडे चालत नसे, बँकेची सुट्टी चाले. सासरे तेवढे आडदिवशी, शुक्रवारी गेले. मेजर पोचले ते थेट रविवारी, राख सावडायला. त्या दिवशी वहिनी त्यांच्याशी बोलल्या नाहीत, आणि मेजरांनी ते मला अगदी हवापाण्यासारखं सांगितलं.

एवढ्या वर्षांत ती बंदूक एकदाही वाजली नव्हती. एकदा वाजली असं आम्हाला वाटलं तेवढंच. उसाचा हंगाम चालू होता आणि बँकेसमोरून जाणाऱ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचं टायर फुटलं. असा आवाज झाला की मॅनेजर टेबलाखाली, मी पिंजऱ्यात खाली आणि पासबुक भरायला आलेले एक गुरुजी फॉर्मच्या पेटीमागे. मेजर एकटे उभे. बंदूक खांद्याला, पण बोट चापावर नाही. चापाच्या बाजूने सरळ, ताठ ठेवलेलं. रस्त्यावर पाहिलं, बंदूक उतरवली आणि म्हणाले, "टायर हाय. उठा." नंतर चहा पिताना मी म्हटलं, "मेजर, खरंच दरोडा असता तर?" ते बशीत फुंकर मारत म्हणाले, "साहेब, गार्डाची बंदूक वाजली म्हंजी गार्ड नापास. आत माणसं असत्यात. आमचं काम बंदूक धरायचं, मारायचं न्हाय."

हेच मेजर फौजेत नामी नेमबाज होते. घराणं मेंढरांमागचं. बापाच्या मागे कळपाबरोबर हिंडताना गोफणीने बाभळीच्या टोकाचा सुगरणीचा रिकामा खोपा पाडायचा, हा त्यांचा पोरपणीचा खेळ. पलटणीत त्यांची नेमबाजीच्या संघात निवड झाली, सामन्याला जायचं ठरलं, आणि घरून तार आली. वडील गेले. मेंढरं विकायची, धाकट्या भावाची सोय लावायची, सुट्टी वाढत गेली. माघारी पोचले तोवर संघ जाऊन आला होता. त्यांनी हे मला दोनतीनदा सांगितलं, आणि दर वेळी शेवटी एकच वाक्य यायचं. "येकदा कुणीतरी मोजाय पायजे हुतं." म्हणजे नेम लागतो हे त्यांना ठाऊक होतं. पण चारचौघांत, पंचांच्या समोर, ते गुण कुणी मोजले नव्हते.

ही ठसठस इतकी वर्षं कुठे दडून बसली होती कोण जाणे. निवृत्ती दीडेक वर्षावर आल्यावर बारामतीत छर्ऱ्याच्या रायफलच्या स्पर्धा भरतात आणि त्यात वयस्करांचा वेगळा गट असतो असं त्यांना कुणीतरी सांगितलं. मेजरांनी रायफल घेतली. निरवांगीत मेव्हण्याचं कुक्कुटपालन बुडालं होतं, त्याची लांबलचक शेड रिकामी पडली होती. चारी बाजूंनी कोंबड्यांची जाळी, वर पत्रा. मेजरांनी एका टोकाला फळी उभी करून तिच्यावर निशाणाचे कागद लावले आणि दुसऱ्या टोकाला उभं राहायची जागा आखली. रोज सकाळी बँकेत येण्याआधी ते शेडमध्ये जात आणि दाराला आतून कडी लावत.

आता प्रश्न आला सामानाचा. रायफल, नेमबाजीचा तो जाड कडक कोट, तसलीच पँट, सपाट तळाचे बूट, छर्ऱ्यांचे डबे, रायफल टेकवायचा स्टँड, कागद बघायची दुर्बीण. शेडमध्ये ठेवावं तर उंदीर कोट कुरतडणार. घरून रोज खांद्यावर न्यावं तर उभं राहून राहून मेजरांची कंबर गेलेली. शिवाय स्पर्धेला हे सगळं न्यायचं कसं? पोत्यात घालून? मेजर म्हणाले, गाडा करतो.

त्या गाड्यापायी त्यांनी मला दीड वर्ष वेड लावलं. नेमका त्याच सुमारास बँकेने भंगार विकायला काढलं आणि त्यात जुनी कॅशपेटी होती. तिजोरीतून काउंटरपर्यंत रोकड नेण्याची, जाड पत्र्याची, भली थोरली लोखंडी पेटी. मेजरांनी ती उचलली. निरवांगीच्या वेल्डिंगवाल्याकडून चौकोनी पाइपचा सांगाडा करून ती त्यावर बसवली. चाकं आधी लहान पोरांच्या सायकलची लावली. ती उसाच्या सरीतल्या चिखलात रुतली. मग डेअरीतल्या कॅनच्या ढकलगाडीची लावली. ती फरशीवर एवढी खडखडली की दुर्बिणीची काच हलली. शेवटी भाजी फवारायच्या पंपाच्या गाड्याची हवेची चाकं मिळाली आणि मेजर बँकेत हसत आले. आत खण पाडले. खणांना गोठ्यात गायीखाली घालतात ती रबरी चटई कापून चिकटवली. पेटीवर रायफलची केस बसायला लाकडी खाच केली, आणि ती केस सुटू नये म्हणून वरून लोखंडी पट्टी टाकून तीही पेटीच्या कड्यांतच अडकवली. ओढायला सायकलचं हँडल. हँडलला घंटी होती, ती काढली नाही.

एका रविवारी गाडा बघायला मी निरवांगीला गेलो. मेजर त्याला अंगणातून शेडपर्यंत आणि शेडपासून अंगणापर्यंत फिरवत राहिले. उतार आला की लाकडी अडणी चाकाखाली कशी आपोआप पडते ते दाखवलं, ती पडली नाही, मग पायाने पाडून दाखवली. गाड्याच्या कौतुकातच दुपार गेली, नेमबाजी बघायची राहूनच गेली.

निघताना त्यांनी माझ्या हातावर एक किल्ली ठेवली.

"ही कसली?"

"गाड्याची. पेटीला दोन कड्या हायेत, म्हंजी दोन कुलपं. येक किल्ली माझ्याकडं, येक तुमच्याकडं."

मी हसलो. बँकेच्या तिजोरीच्या दोन किल्ल्या दोन माणसांकडे असतात, दोघं हजर असल्याशिवाय ती उघडत नाही, हे बँकेतल्या झाडूवाल्यालाही माहीत असतं. पण ही तिजोरी नव्हती. मी म्हटलं, "मेजर, रोज सकाळी गाडा उघडायला मी इंदापुरातून येऊ का?"

"रोज येकच लावतो वो. गावाभाईर न्यायचा तवाच दोन. हत्यार हाय त्यात. हत्याराचं दार येका मानसाच्या हातात नसावं."

"छर्ऱ्याची रायफल आहे. तिला परवानाही लागत नाही."

"तुमी ठेवा," ते म्हणाले, आणि विषय संपला. दोन कड्या असलेल्या पेटीला एकच कुलूप लावून रस्त्यावर न्यायचं, हे त्यांच्या हाताला जमणारच नव्हतं. मी ती किल्ली माझ्या घरच्या किल्ल्यांत अडकवली आणि विसरून गेलो.

स्पर्धा आली ती नेमकी दुसऱ्या शनिवारी. म्हणजे बँकेला सुट्टी. आदल्या हंगामात ती कामाच्या दिवशी होती, मेजरांनी अर्ज केला होता आणि मॅनेजरने "बदली आणा" एवढंच म्हटलं होतं. या महिनाअखेर मेजर निवृत्त होणार होते. बंदूक जमा होणार, पगार थांबणार, आणि मग उसाचं पाणी, दोन वेळचं दूध, म्हातारी आई, यातून बारामतीला जायला कोण मोकळं सोडणार? आता नाही तर मग नाहीच, हे त्यांना कळत होतं आणि मलाही कळत होतं. माझीही त्याच महिन्यात दुसऱ्या जिल्ह्यात बदली झाली होती.

मी म्हटलं, "माझ्या व्हॅनमधून जाऊ. निरवांगीला येऊन तुम्हाला उचलतो."

मेजर अवघडले. किल्ल्या दुसऱ्या शाखेत न्यायच्या तर दोघांनी दोन गाड्यांतून जायचं, हा बँकेचा शिरस्ता. तो माणूस गाडा घेऊन ओळखीच्या दुधाच्या टेम्पोतून गेला आणि मी किल्ली घेऊन इंदापूरहून निघालो. मी चिडलो होतो. पण तिथे पोचून कुलूप उघडायला दोन मिनिटं लागतील, त्यात काय वाद घालायचा, असंही मनात आलं.

काटेवाडीच्या अलीकडे उसाची ट्रॉली रस्त्यात उलटली होती. ऊस आडवा पसरलेला, त्यावर पोरं तुटून पडलेली, पुढे गाड्यांची रांग. मी फोन केला. मागून स्पर्धेच्या घोषणा ऐकू येत होत्या.

"मेजर, कुलूप तोडा."

"तोडून कसं चालंल?"

"तुमचंच कुलूप आहे. तिथे कुणाकडे तरी हातोडी असेल."

"व्हय, येकजण घेऊन उभाच हाय हितं. पन साहेब, कुलूप तोडायचं म्हंजी पंच पायजेत, लिहून घ्यावं लागतं..." मग आवाज खाली गेला. "माझ्यानं न्हाय व्हनार. तुमी या."

मी व्हॅन वळवली, कालव्याच्या कडेच्या कच्च्या रस्त्याने घातली. उसाची पानं दोन्ही काचांवर घासत होती. तोंडाने मी मेजरांना, बँकेला आणि त्या पेटीला यथेच्छ शिव्या घातल्या. स्पर्धेच्या हॉलमध्ये शिरलो तेव्हा मेजर गाड्याशेजारी उभे होते. ताठ. बँकेच्या दारात उभे राहतात तसे. भोवती आपापल्या सुटसुटीत चाकांच्या बॅगा घेऊन आलेली माणसं त्यांच्याकडे बघत होती. तिथली पंच, एक तरुण मुलगी, पुढे आली आणि म्हणाली, "काका, तुमचं नाव शेवटच्या तुकडीत घेतलंय. तयार व्हा." मेजरांनी त्यांचं कुलूप उघडलं, मी माझं. त्यांनी कोट चढवला, बूट घातले, आणि मला वाटलं, सुटलो बुवा.

प्रेक्षकांना मागे खुर्च्या टाकल्या होत्या. मी मेजरांच्या बरोबर मागे बसलो. पुन्हा ती पाठ. "स्टार्ट" झालं. डावी-उजवीकडून छर्रे सुटू लागले. मेजरांनी रायफल खांद्याला लावली, गाल टेकवला, श्वास सोडला. त्यांनी रायफल खाली घेतली. ठीक आहे, नेमबाज असं करतात. पुन्हा लावली. पुन्हा खाली. पाठीवरचा कोट वर जाई आणि खाली येई. शेजारच्यांचे कागद भोकांनी भरत चालले होते. पंच मुलगी त्यांच्याजवळ गेली, हळूच विचारलं, "बिघाड आहे का काका?" त्यांनी नाही म्हणून मान हलवली. पुन्हा लावली. मी बाजूला झुकलो तेव्हा त्यांचं बोट दिसलं. ते चापावर नव्हतं. चापाशेजारी सरळ, ताठ होतं. मी खुर्चीच्या कडा घट्ट धरून बसलो होतो आणि मनात म्हणत होतो, मेजर, वाकवा ते बोट. देवाशपथ, एकदा वाकवा.

"स्टॉप" झालं. त्यांचा कागद मागे आला तो तसाच, कोरा. नळीत छर्रा भरलेला होता. तो काढायचा तर उडवावा लागतो. पंच म्हणाली, "काका, समोर उडवा." मेजरांना तेही झालं नाही. शेवटी तिनेच रायफल हातात घेऊन तो उडवला. कुणी हसलं नाही. हसले असते तर मला भांडता आलं असतं.

परत येताना ते माझ्या व्हॅनमध्ये बसले. दोन्ही किल्ल्या डॅशबोर्डवर शेजारी शेजारी पडल्या होत्या, त्यांनी तिकडे पाहिलंही नाही. काटेवाडी मागे पडल्यावर म्हणाले, "मागं खुर्च्या सरकल्या. कुणीतर खोकलं. मला वाटलं, बँकंतच हाय. मागं माणसं हायेत, बोट आत घालू नको." मग उजवा हात मांडीवर पालथा ठेवला. "लई सांगितलं मी त्याला. आलंच न्हाय." ते बोटाबद्दल बोलत होते. मला त्यांचा हात धरावासा वाटला, पण गिअर बदलायचा होता. मला राग आला होता आणि वाईटही वाटत होतं. आम्ही सगळ्यांनी मिळून त्या माणसाला इतकी वर्षं दारात उभं केलं होतं, आणि आज दार उघडं मिळालं तर त्याला बाहेर पडता येत नव्हतं.

निरवांगीला पोचलो तेव्हा दिवस कलला होता. वहिनी अंगणात चुलवणाशी होत्या. त्यांनी मेजरांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "च्या टाकते," म्हणाल्या. मेजरांनी गाडा व्हॅनमधून उतरवला आणि मला "बसा" म्हणून तो ओढत शेडकडे निघाले. मी त्यांना वाकून चालताना पहिल्यांदाच पाहिलं. शेडचं दार लागलं, आतून कडी पडल्याचा आवाज आला.

वहिनींनी कप हातात दिला. तेवढ्यात शेडमधून आवाज आला. टप्. थोड्या वेळाने पुन्हा. टप्. मग एका संथ, सारख्या लयीत येत राहिला. मी कप खाली ठेवला.

"वहिनी, मेजर मारतायत!"

"रोजच मारत्यात," त्या म्हणाल्या. "फळीवरचं कागद म्या काढून आनते ना, समदी भोकं मधीच असत्यात. कागद फाटलेला नसतो, निस्तं मधी येक वाटोळं भोक."

"मग आज तिथे..."

"मला ठावं हुतं वो. पैल्या दिसापासनं ठावं हाय. च्या घेऊन जाळीपाशी गेले, की बंदूक खाली. पोरगा गेला तरी खाली. धाकला नातू गेला, दोन वर्साचा, तरी खाली." त्यांनी पदराने हात पुसले. "पन ते गाड्यात एवढं रमल्यालं. मानसाला कसं सांगायचं?"

मी उठलो. एकदा तरी बघावं, जाळीच्या आडून, लांबून, त्यांना न कळता. कुणीतरी बघितलं पाहिजे होतं. दोन पावलं टाकली असतील, वहिनींनी माझी बाही धरली.

"नका जाऊ, भाऊजी. थांबत्याल ते."

मी परत येऊन बसलो. दोघं शेडकडे पाठ करून चहा पीत राहिलो.